पोत मोजायचा कसा: चार आवाज, बारा मात्रा आणि जोड्यांचा हिशेब

चौघे गात आहेत, एवढ्या माहितीवरून कानाला काय लागणार हे सांगता येत नाही. चौघांनी सूर एकदम लावले आणि एकदम सोडले तर एक जाड, सलग नाद ऐकू येतो. तेच चौघे आपापल्या लयीत निघाले तर चार सुरावटी कानावर येतात आणि लक्ष कुणाकडे द्यावं असा प्रश्न पडतो. माणसं तितकीच, स्वरही कदाचित तेच, पण त्यांचं आपसातलं नातं बदललं. संगीताचा पोत या नात्यांनी ठरतो. नवखा माणूस तो मोजताना आवाज मोजत बसतो, आणि तिथेच गफलत होते. मोजायच्या असतात त्या जोड्या.

इथे बारा मात्रांचा एक तुकडा घेऊन सगळा हिशेब कागदावर करू. बेरीज, गुणाकार आणि दोनने भागणं, याहून जास्त गणित लागत नाही. स्टाफ नोटेशन येत नसलं तरी सरगमवर काम भागतं. चौकटींचा कागद आणि दोन रंगांच्या पेन्सिली घ्या. स्प्रेडशीट दुसऱ्या तुकड्यापासून. पहिला तुकडा हातानेच करावा असा आमचा आग्रह आहे. आकडा स्वतः लिहिताना दर चौकटीला 'हे दोघे खरंच बरोबर आहेत का?' असं थांबून विचारावं लागतं, आणि शिकण्यासारखं सगळं त्या थांबण्यात आहे.

या पद्धतीमागे दोन नावं येतात. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ वॉलेस बेरी यांनी 1976 साली पोताची घनता दोन प्रकारे मांडली: किती आवाज वाजताहेत, आणि ते किती जागेत दाटले आहेत. ब्राझीलचे संगीतकार पाउशी जेंटिल-नुनेस (Pauxy Gentil-Nunes) यांनी पुढे आवाजांच्या गटांना पूर्णांकांच्या विभाजनाचं गणित लावलं आणि त्यावर जोड्यांचा हिशेब बसवला. हे तेच विभाजन, ज्याच्या मोजणीचं सूत्र रामानुजन आणि हार्डी यांनी 1918 मध्ये दिलं. चार ही संख्या 4, 3+1, 2+2, 2+1+1 आणि 1+1+1+1 अशा पाच प्रकारे फोडता येते. म्हणून चार आवाजांचे गट पाचच आकारांत बसतात. यादी इथेच संपते, सहावा आकार नाही.

पहिली पायरी: 'बरोबर' म्हणजे काय ते लिहून ठेवा

एकही स्वर मोजण्याआधी कागदाच्या माथ्यावर नियम लिहा. आपण कडक नियम घेऊ: दोन स्वर एकाच क्षणी सुरू होत असतील आणि त्यांची लांबीही सारखी असेल, तरच ते दोन आवाज त्या वेळेपुरते एका गटात. सैल नियमात फक्त सुरुवात पाहतात, लांबी सोडून देतात. दोन्ही नियम चालतात. एका पानावर हा आणि दुसऱ्या पानावर तो, असं मात्र चालत नाही. मधेच नियम बदलला की आलेखावर एक उंचवटा दिसतो, त्याचा संगीताशी काही संबंध नसतो, आणि तो शोधून काढायला सगळं पुन्हा मोजावं लागतं.

कडक नियमाची एक खोड आधीच माहीत असू द्या. स्वर किती लांबणार हे नियमाला सुरुवातीलाच ठाऊक असतं, कानाला ते नंतर कळतं. तिघांनी एकदम सूर लावला आणि त्यातला एक पुढे दुप्पट लांबला, तर नियम पहिल्या क्षणापासून त्याला वेगळा काढतो. कान मात्र बाकीचे दोघे हलेपर्यंत तिघांना एकच समजतो. हा फरक नोंदवहीत टिपून ठेवा, सादरीकरणाकडे वळलो की तो कामाला येतो.

दुसरी पायरी: तुकडा चौकटींत उतरवा

चार आवाज आहेत, वरून खाली अ, ब, क, ड. सगळ्यांत लहान स्वर अर्ध्या मात्रेचा, म्हणून एक चौकट म्हणजे अर्धी मात्रा. बारा मात्रांच्या 24 चौकटी होतात.

अ: मात्रा 1 ते 4 वर सा, रे, ग, म (प्रत्येकी एक मात्रा); 5–6 लांब प; 7 वर म, 8 वर ग; 9 पासून दीड मात्रा प आणि उरलेली अर्धी मात्रा म; 11–12 लांब ग.

ब: 1–2 शांत; 3 वर सा, 4 वर रे; 5–6 लांब ग; 7 वर रे, 8 वर सा; 9–10 लांब ग; 11–12 लांब सा.

क: 1–2 शांत, 3–4 लांब मंद्र (खालच्या सप्तकातला) प, 5–6 पुन्हा लांब मंद्र प, 7–8 अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे मंद्र प, मंद्र ध, मंद्र नी, सा, 9–10 तसेच उतरते सा, नी, ध, प, 11 आणि 12 वर मंद्र प, प्रत्येकी एक मात्रा.

ड: 1 ते 4 शांत, 5–6 लांब मंद्र सा, 7–8 लांब मंद्र सा, 9 वर मंद्र सा, 10 वर मंद्र प, 11 आणि 12 वर मंद्र सा, प्रत्येकी एक मात्रा.

चौकटीत स्वराचं नाव लिहू नका. त्या चौकटीत जो स्वर वाजतोय त्याची सुरुवात आणि लांबी लिहा. म्हणजे मात्रा 4 च्या दोन्ही चौकटींत अ साठी '4 पासून 1', आणि क साठी मात्र '3 पासून 2', कारण त्याचा स्वर मागून लांबत आलेला आहे. लांबत आलेला स्वर विसरणं ही नवख्यांची सगळ्यांत मोठी चूक. फक्त नव्याने लागलेले स्वर लिहिले की मात्रा 6 रिकामी दिसते, आणि प्रत्यक्षात तिथे चार आवाज घुमत असतात.

चालीत अर्ध्या मात्रेबरोबर तिसऱ्या हिश्श्याचे स्वरही असतील तर चौकट मात्रेच्या सहाव्या भागाची घ्या. पाव आणि तिसरा हिस्सा दोन्ही असतील तर बाराव्या भागाची. लसावि काढायचा, एवढंच.

तिसरी पायरी: गट पाडा, जोड्या मोजा

आता प्रत्येक उभ्या रांगेत सारख्या नोंदी कुणाच्या आहेत ते पाहा. मात्रा 3 वर अ आणि ब दोघांची नोंद '3 पासून 1', क ची '3 पासून 2'. म्हणजे दोघांचा एक गट आणि एक एकटा. हे (1,2) असं लिहायचं, लहान आकडा आधी.

जोड्या अशा काढतात: n आवाज वाजत असतील तर एकूण जोड्या n × (n − 1) ÷ 2. तीन आवाजांच्या 3, चारांच्या 6, पाचांच्या 10. यातल्या ज्या जोड्या एकाच गटात पडतात त्यांची संख्या म्हणजे जुळणी. उरलेल्या म्हणजे विखुरण. (1,2) मध्ये एकूण जोड्या 3, गटातली जोडी एकच, म्हणून जुळणी 1 आणि विखुरण 2. दोन्हींची बेरीज एकूण जोड्यांइतकी यायलाच हवी. न आल्यास गणती चुकली आहे, पुढे जाऊ नका.

तुकड्याचा हिशेब असा उतरतो:

मात्रा 1–2: (1), जुळणी 0, विखुरण 0
मात्रा 3–4: (1,2), जुळणी 1, विखुरण 2
मात्रा 5–6: (4), जुळणी 6, विखुरण 0
मात्रा 7–8: (1,1,2), जुळणी 1, विखुरण 5
मात्रा 9 ते 10 चा पहिला अर्धा: (1,1,1,1), जुळणी 0, विखुरण 6
मात्रा 10 चा दुसरा अर्धा: (1,1,2), जुळणी 1, विखुरण 5
मात्रा 11–12: (2,2), जुळणी 2, विखुरण 4

मात्रा 10 चा तो दुसरा अर्धा, म्हणजे विसावी चौकट, नीट पाहा. वरवर पाहिलं तर 9–10 मध्ये चौघेही स्वतंत्र वाटतात आणि हात आपोआप (1,1,1,1) लिहून मोकळा होतो. पण अ चा दीड मात्रेचा प तिथे संपतो, त्याचा अर्ध्या मात्रेचा म सुरू होतो, आणि नेमक्या त्याच क्षणी क चा शेवटचा अर्ध्या मात्रेचा प पडतो. सुरुवात तीच, लांबी तीच. अर्ध्या मात्रेपुरते दोघे भेटतात. असल्या भेटी डोळ्यांनी निसटतात, म्हणून चौकट-चौकट मोजायचं.

आणखी एक गोष्ट याच हिशेबात आहे. मात्रा 5 पासून शेवटपर्यंत आवाज सतत चार आहेत, एकही कमी-जास्त नाही. नुसते आवाज मोजणारा या आठ मात्रांत 'काही बदललं नाही' असं म्हणेल. जुळणी मात्र 6 वरून 0 पर्यंत उतरून परत 2 वर आली आहे. स्वर लागण्याची संख्याही इथे मदतीला येत नाही: 7–8 मध्ये नऊ स्वर लागतात आणि 9–10 मध्येही नऊच. सुरुवातीचे वेगवेगळे क्षण दोन्हीकडे चार. तरीही पोत वेगळा, कारण पहिल्या ठिकाणी अ आणि ब हातात हात घालून चालतात आणि दुसऱ्या ठिकाणी तसं कुणी नाही.

चौथी पायरी: आलेख

आडव्या अक्षावर चौकटी, मधोमध शून्याची रेघ. विखुरण वरच्या बाजूला एका रंगाने, जुळणी खालच्या बाजूला दुसऱ्या रंगाने. आपल्या तुकड्यात मात्रा 5 वर खाली मोठा खड्डा पडतो आणि 7 पासून वर डोंगर चढतो. वाजवणाऱ्याला हा आलेख एका नजरेत कळतो, म्हणून तो नोटेशनच्या खाली, मात्रांना मात्रा जुळवून काढा.

सरासरीचा मोह आवरा. 24 चौकटींची सरासरी जुळणी 1.71 आणि सरासरी विखुरण 2.79 येते, पण या दोन आकड्यांतून ना खड्डा दिसतो ना डोंगर. दोन रचनांची तुलना करायची असेल तर सरासरीपेक्षा प्रमाण उपयोगी: जुळणीला त्या क्षणाच्या एकूण जोड्यांनी भागा. मग चार आवाजांची रचना (6 जोड्या) आणि बारा आवाजांची रचना (66 जोड्या) शेजारी ठेवता येतात. एकच आवाज असेल तिथे जोड्या शून्य, भागाकार होत नाही. ती चौकट रिकामी ठेवा, शून्य लिहू नका. शून्य म्हणजे 'जोड्या आहेत पण एकही जुळलेली नाही', आणि एकट्या आवाजाबद्दल तसं म्हणणं चूक आहे.

पाचवी पायरी: एका आकारातून दुसऱ्यात किती पावलं

एका आवाजाने एक हालचाल केली की एक पाऊल: नवा आवाज आला, एक गेला, एकटा असलेला गटाला मिळाला किंवा गटातला सुटला. (1,2) पासून (4) पर्यंत दोन पावलं आहेत: ड आत येऊन गटाला मिळतो, आणि मग एकटा क ही मिळतो. (4) पासून (1,1,2) पर्यंतही दोन, मधलं ठिकाण (1,3). पुढे (1,1,1,1) एक पाऊल, तिथून विसाव्या चौकटीतल्या (1,1,2) ला एक, आणि (2,2) ला आणखी एक. म्हणजे ती अर्ध्या मात्रेची भेट नसती तर शेवटचं वळण दोन पावलांची उडी झालं असतं. मोठ्या उड्या कानाला कापल्यासारख्या लागतात, एकेक पाऊल वळणासारखं लागतं. दोन्हींची गरज असते, फक्त कुठे काय हवं ते ठरवून करावं.

इथे या पद्धतीची एक मर्यादा सांगायलाच हवी. विभाजन गटांचे आकार सांगतं, गटात कोण आहे ते सांगत नाही. विसाव्या चौकटीत जोडी अ आणि क ची आहे, मात्रा 11 वर जोड्या अ–ब आणि क–ड अशा. आकाराच्या हिशेबात ते एक पाऊल, पण प्रत्यक्षात एक जोडी तुटून दोन नव्या बनल्या. चार आवाजांचे आकार पाच, मात्र कोण कुणाबरोबर हे धरलं तर मांडण्या 15 होतात: (2,2) च्या तीन, (1,3) च्या चार, (1,1,2) च्या सहा, उरलेल्या दोन आकारांची एकेक. म्हणून आकाराखाली बारीक अक्षरात अब|कड असं लिहायची सवय लावा. आकार तोच राहून नुसती माणसं बदलली, तरी कानाला बदल कळतो.

घनता: किती जागेत किती दाटी

त्या क्षणीच्या सगळ्यांत खालच्या आणि सगळ्यांत वरच्या स्वरामधले अर्धस्वर (पेटीवरच्या लागोपाठच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या, सप्तकाला बारा) मोजा, दोन्ही टोकं धरून. आवाजांच्या संख्येला त्याने भागा. मात्रा 5 वर मंद्र सा, मंद्र प, ग, प आहेत. मंद्र सा 0 धरला तर हे 0, 7, 16, 19; टोकं धरून 20 अर्धस्वर, घनता 4 ÷ 20 = 0.20. तेच चौघे मंद्र सा, मंद्र ग, मंद्र प आणि मध्य सा वर आणले तर 13 अर्धस्वर, घनता 0.31. टोकं धरायचं कारण साधं आहे: एकच स्वर असेल तर अंतर शून्य होऊन भागाकार मोडतो.

विसाव्या चौकटीत क आणि ड दोघेही मंद्र प वर आहेत. आवाज चार, वेगळे स्वर तीन. दाटी मोजताना 4 घ्यायचे की 3? आमचा कल 3 कडे आहे, कारण दाटी ही स्वरांची असते, माणसांची नव्हे. तुम्ही 4 घेतले तरी हरकत नाही, नियमाच्या पानावर तसं लिहा. सप्तकाच्या अंतराने दुहेरी वाजणाऱ्या सुरावटीबद्दलही असाच निर्णय आधी घ्यावा लागतो.

घनतेचा आकडा सप्तक विसरतो, कान विसरत नाही. सा 64 हर्ट्झचा असेल तर शुद्ध ग 80 चा, फरक 16. सा 512 चा असेल तर ग 640 चा, फरक 128. साधारण 500 हर्ट्झच्या खाली दोन स्वर जवळपास 100 हर्ट्झच्या आत आले की कान त्यांना नीट वेगळं करू शकत नाही आणि खरखर वाढते. त्यामुळे वर गोड लागणारी दाटी खाली गढूळ होते. घनतेच्या आकड्याशेजारी सगळ्यांत खालचा स्वर लिहिला की हा घोटाळा टळतो.

स्प्रेडशीटवर

एक ओळ म्हणजे एक चौकट, चार रकाने म्हणजे चार आवाज. रकान्यात सुरुवात आणि लांबीची नोंद. शेजारच्या चार रकान्यांत 'काउंटइफ' वापरून त्या ओळीत तशीच नोंद किती वेळा आहे ते काढा आणि 1 वजा करा. नोंद रिकामी असेल तर उत्तरही रिकामं ठेवा. या चारांची बेरीज भागिले 2 म्हणजे जुळणी, कारण प्रत्येक जोडी दोन्हीकडून मोजली गेलेली असते. भरलेले रकाने मोजून n काढा, एकूण जोड्यांतून जुळणी वजा करा, विखुरण मिळालं.

दोन गोष्टी इथे हमखास बिघडतात. नोंद '5-2' अशी लिहिली की स्प्रेडशीट तिची तारीख करून टाकते. मधे अक्षर घाला, '5ल2' असं. आणि तिसरा हिस्सा 0.33 लिहिला की एका ठिकाणी 0.33, दुसऱ्या ठिकाणी 0.333 होऊन जुळणाऱ्या जोड्या निसटतात. पूर्णांकांतच मोजा. मात्रेचे 480 भाग धरले तर तिसरा हिस्सा 160, पाव 120, सगळं पूर्ण येतं. मिडी फाइलींमध्ये (स्वर कधी लागला, कधी सुटला याची संगणकी नोंद) 480 हा आकडा त्याच सोयीसाठी रुळलेला आहे.

कागदावरचं नव्हे, वाजलेलं मोजताना

माणसांनी वाजवलेले दोन स्वर मिलिसेकंदापर्यंत कधीच एकत्र पडत नाहीत. मुरलेल्या वादकांच्या लहान संचातही 30 ते 50 मिलिसेकंदांची मागे-पुढे असते. कागदावरचा कडक नियम ध्वनिमुद्रणावर लावला तर जुळणी सगळीकडे शून्य येते. म्हणून एक खिडकी ठरवा: दोन सुरुवाती इतक्या मिलिसेकंदांच्या आत असतील तर त्या एकत्र. लहान खिडकी खरी जुळणी गमावते, मोठी खिडकी वेगळे स्वर चिकटवते. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत पाव मात्रा 125 मिलिसेकंदांची असते, तेव्हा खिडकी त्याच्या निम्म्याहून, म्हणजे 62 हून, कमीच हवी. 50 पासून सुरुवात करून पाहा. लांबीला यापेक्षा बरीच मोकळीक द्यावी लागते, कारण स्वर सोडण्याची वेळ लावण्याच्या वेळेइतकी काटेकोर नसते.

पियानोवर आणखी एक पेच आहे. वरची सुरावट उठावी म्हणून तो स्वर जोरात दाबला की त्याची हातोडी लवकर पोहोचते आणि तो बाकीच्यांच्या सुमारे 30 मिलिसेकंद आधी वाजतो. 20 ची खिडकी लावली तर कागदावरचा (4) ध्वनिमुद्रणात (1,3) निघतो. हा मोजणीचा दोष म्हणून सोडून देऊ नका: वादकाने वरचा आवाज खरोखरच थोडा बाहेर काढलेला आहे. दोन्ही खिडक्यांनी मोजून शेजारी ठेवलं तर वादकाचा हात दिसतो. पेडलही बघा. मिडीत स्वर सुटल्याची नोंद आली तरी पेडल दाबलेलं असेल (नियंत्रक क्रमांक 64) तर स्वर घुमत राहतो, आणि तो न धरल्यास घनता खोटी कमी येते.

गायकामागून हार्मोनियम किंवा सारंगी सावलीसारखी येते, तिथे हो-नाही पुरत नाही. कडक नियम त्यांना दोन स्वतंत्र आवाज म्हणतो, पण ऐकणाऱ्याला सुरावट एकच जाणवते. अशा जोडीला 1 किंवा 0 न देता 0.5 द्या. विखुरण म्हणजे एकूण जोड्या वजा जुळणी, हे सूत्र तसंच चालतं. तानपुऱ्याच्या तारा एकामागून एक छेडल्या जातात, पण त्यांचा नाद एक होतो; त्यांना एकच आवाज धरा. तबला गटांच्या हिशेबात येतो, अर्धस्वरांच्या घनतेत येत नाही.

रचना करताना

एक ते चार आवाजांचे मिळून आकार 1 + 2 + 3 + 5, म्हणजे अकरा. आपल्या तुकड्याने सहा वापरले. (2), (1,1), (3), (1,1,1) आणि (1,3) शिल्लक आहेत. नव्या रचनाकाराला ही शिल्लक यादी फार उपयोगी पडते: बहुतेकांची सवय दोन-तीन आकारांत अडकलेली असते आणि यादी समोर आली की ती दिसते. आवाज वाढले की यादी झपाट्याने वाढते, दहापर्यंत मिळून 138 आकार होतात. सगळे वापरायचे नसतात.

करून पाहा: मात्रा 5–6 वरचा (4) आणि त्यानंतरचा (1,1,2) यांच्यामध्ये (1,3) बसवायचा. मात्रा 6 वर नुसता अ चा स्वर फोडला तर कडक नियमाप्रमाणे मात्रा 5 वरचाही (4) जातो, कारण अ ची लांबी बाकी तिघांहून वेगळी होते. म्हणून मात्रा 5 वर चौघांनाही एकेक मात्रेचा स्वर द्या. मात्रा 6 वर ब, क, ड पुन्हा एकेक मात्रा आणि अ अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे दोन. आता (4), (1,3), (1,1,2) असा एकेक पावलाचा उतार तयार झाला. आधीचा आणि हा, दोन्ही वाजवून बघा. आधीच्यात मात्रा 7 एकदम फुटते, यात आधी चाहूल लागते. कुठला चांगला हे आकडा ठरवत नाही.

पूर्ण रचना उलट्या बाजूनेही करता येते: आधी आकारांची साखळी, मग प्रत्येकाची लांबी, मग लय, आणि स्वर सगळ्यांत शेवटी. सोळा मात्रांसाठी चार ते सहा आकार पुरतात. दर मात्रेला आकार बदलला तर कान कुठलाच धरू शकत नाही, आणि आलेख देखणा असूनही ऐकणाऱ्याला नुसती गडबड ऐकू येते.

सादरीकरणात

आकार जिथे बदलतो तिथे नोटेशनवर उभी रेघ मारा. आपल्या तुकड्यात सहा रेघा येतात. प्रत्येक रेघेला दोन निर्णय: कुठला गट पुढे, आणि आत येणाऱ्याला खूण कोण देणार. (1,2) मधून (4) मध्ये जाताना ड पहिल्यांदाच आत येतो आणि लगेच चौघांना एकदम सूर लावायचा असतो, तेव्हा मात्रा 4 च्या उत्तरार्धात चौघांनी एकत्र श्वास घेतला पाहिजे. गाडी बहुतेकदा इथेच अडखळते, आणि दोष मात्रा 5 वर शोधला जातो.

सरावाला जोड्यांनी बसा. मात्रा 11–12 साठी आधी फक्त अ आणि ब, मग फक्त क आणि ड, मग अ आणि ड, शेवटी चौघे. जुळलेल्या जोडीत सुरुवात आणि शेवट दोन्ही तपासा. (4) मध्ये ड ने आपला लांब सा थोडा आधी सोडला तर ऐकणाऱ्याला तो पोत (1,3) म्हणूनच कळतो. विखुरलेल्या जोडीत उलटं तपासायचं: एकाच्या लयीने दुसऱ्याला ओढलेलं नाही ना. मात्रा 9 वर अ ची दीड मात्रा आखडून एक होते आणि तो ड बरोबर पडायला लागतो. ही चूक फार दिसते, कारण शरीराला जुळायचं असतं.

कानाच्या कुवतीचाही हिशेब ठेवा. एकाच जातीच्या नादाचे किती आवाज चालू आहेत हे ओळखताना तीनपर्यंत बरं जमतं आणि चौथ्यापासून चुका वाढतात, असं डेव्हिड ह्यूरन यांच्या 1989 च्या प्रयोगात दिसलं. म्हणजे विखुरण 6 असलेल्या मात्रा 9 वर चौघांनी सारखाच जोर लावला तर चौथा आवाज हरवेल. एकाला मागे घ्या. लांब ग धरलेला ब त्याला सगळ्यांत योग्य, कारण स्थिर स्वर हळू असला तरी टिकून ऐकू येतो. वाद्यांचे नाद वेगवेगळे असतील तर हा प्रश्न बराच सौम्य होतो, तेव्हा हा उतारा चार सारख्या आवाजांवर आणि चार वेगळ्या वाद्यांवर असा दोनदा वाजवून, ऐकू आलेले आवाज आलेखाच्या शेजारी तिसऱ्या ओळीत लिहा. मोजलेलं विखुरण आणि ही ओळ जिथे जुळत नाही, त्या मात्रांवर पुढचा सराव लावायचा.